दोन वितरणांमधली वाट : ऑप्टिमल ट्रान्सपोर्टच्या भूमितीची सुरुवात कुठून करावी

सांगली-मिरज पट्ट्यात एमएस्सी करणारी किंवा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं हल्ली 'वासेरस्टाइन अंतर' घेऊन येतात. बहुतेकांना ते मशीन लर्निंगच्या एखाद्या पेपरमध्ये भेटलेलं असतं. प्रोग्राम चालतो, आकडा येतो. पण तो आकडा कशाचा, असं विचारलं की गाडी अडते. हा लेख त्यांच्यासाठी, आणि गणिताची आवड टिकवून असलेल्या कुणाहीसाठी.

आधी लागतं काय? बारावीचं कॅल्क्युलस, संभाव्यतेचा एखादा कोर्स, मॅट्रिक्सशी बऱ्यापैकी ओळख, आणि चौकटीची वही. मेझर थिअरी (लांबी, क्षेत्रफळ, संभाव्यता अशी मापं काटेकोर करणारी शाखा) पुढे लागेलच, पण तिच्यावाचून सुरुवात अडत नाही. 'आधी मेझर थिअरी संपवतो, मग इकडे वळतो' म्हणणारे सहसा वळत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट पहिल्यापासून मनात ठेवा. वितरण म्हणजे एकूण वजन कुठे किती पसरलं आहे याचा आलेख. दोन वितरणांची तुलना उभी करता येते किंवा आडवी. उभी म्हणजे प्रत्येक जागी दोन्ही आलेखांच्या उंचीत किती फरक आहे ते बघायचं. आडवी म्हणजे एका आलेखातलं वजन सरकवून दुसरा आलेख करायला ते किती लांब न्यावं लागेल, ते बघायचं. ऑप्टिमल ट्रान्सपोर्ट, म्हणजे कमीत कमी खर्चात वजन हलवण्याचं गणित, हा सगळा विषय आडव्या तुलनेतून निघतो. पुढे कुठेही गोंधळ झाला तर आपण नकळत उभी तुलना करतोय का, ते तपासा.

पायरी १ : पोती हलवा

गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने १७८१ साली प्रश्न मांडला तो मातीचा. खणून काढलेली माती भराव घालायच्या जागी न्यायची आहे. कुठली माती कुठे टाकली म्हणजे एकूण वाहतूक कमीत कमी होईल? (सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं, म्हणजे जमिनीतली कोठारं, खणणाऱ्यांनी निघालेल्या मातीचा विचार मोंजला न विचारताच केला असणार.) आपण माती सोडून हळद घेऊ.

समजा एका सरळ रस्त्यावर ०, ३ आणि ७ किलोमीटरवर तीन गोदामं आहेत. त्यांत अनुक्रमे ५०, ३० आणि २० पोती हळद आहे. माल हवा आहे २, ५ आणि ९ किलोमीटरवर, अनुक्रमे २०, ४० आणि ४० पोती. दोन्हीकडे बेरीज १००. प्रत्येक आकड्याला १०० ने भागलं की दोन संभाव्यता वितरणं तयार.

आता डावीकडून सुरुवात करून रांगेने माल द्या. शून्यावरची २० पोती २ वर, उरलेली ३० पोती ५ वर. तीनवरची १० पोती ५ वर, २० पोती ९ वर. सातवरची २० पोती ९ वर. खर्च 'पोती गुणिले किलोमीटर' असा धरला तर ४० + १५० + २० + १२० + ४०, म्हणजे ३७०. सरासरी एका पोत्याला ३.७ किलोमीटर. हे पहिल्या प्रकारचं वासेरस्टाइन अंतर. त्याला 'वा-१' म्हणू.

याचा ताळा दुसऱ्या वाटेने करा, कारण त्यातून खूप कळतं. प्रत्येक ठिकाणापर्यंत डावीकडून साचलेला हिस्सा दोन्ही वितरणांसाठी लिहा, आणि दोन साचलेल्या आलेखांमधलं क्षेत्रफळ काढा. ० ते २ मध्ये फरक ०.५, म्हणून १.०, २ ते ३ मध्ये ०.३, ३ ते ५ मध्ये १.२ ; ५ ते ७ मध्ये ०.४, ७ ते ९ मध्ये ०.८. बेरीज ३.७. एका मितीत वा-१ काढायला एवढंच पुरतं. शोधाशोध नको, कुठलाही अल्गोरिदम नको.

पायरी २ : याहून स्वस्त होत नाही, याची खात्री

आपण एक योजना केली. तिच्याहून स्वस्त योजना नसेलच कशावरून? इथे १९४० च्या आसपासचा सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच येतो. प्लायवुड कारखान्यातल्या यंत्रांवर कामाची वाटणी कशी करावी, या व्यावहारिक प्रश्नातून १९३९ मध्ये तो लिनियर प्रोग्रॅमिंगपाशी (सरळ अटी पाळून सरळ खर्च कमीत कमी करण्याचं गणित) पोचला आणि १९४२ मध्ये वाहतुकीचा प्रश्न त्याने नव्याने मांडला. १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला आणि ट्यालिंग कूपमन्स यांना मिळून मिळालं.

मोंजच्या मांडणीत एका जागचा माल फोडता येत नाही, तो सगळा एकाच ठिकाणी जातो. आपल्या उदाहरणात ते शक्यच नाही : ५० पोती जशीच्या तशी कुठे टाकणार, कुणालाच ५० नको आहेत. कांतोरोविचने फोडायची मुभा दिली. तीन ओळी आणि तीन स्तंभांचा तक्ता करा, प्रत्येक घरात 'इथून तिथे किती' हे भरा, ओळींच्या बेरजा साठ्याएवढ्या आणि स्तंभांच्या बेरजा मागणीएवढ्या ठेवा. अशा सगळ्या तक्त्यांमधून स्वस्त तो निवडा. अट सरळ, खर्च सरळ, आणि उत्तर नेहमी असतंच.

खात्री मात्र भावातून मिळते. कल्पना करा, एक व्यापारी म्हणतो, 'वाहतूक तुम्ही करूच नका. तुमच्याकडून मी इथल्या भावाने घेतो आणि तिथल्या भावाने तिथे देतो.' वाहतुकीचा दर पोत्याला किलोमीटरमागे एक रुपया असेल, तर कुठल्याही दोन ठिकाणांच्या भावातला फरक त्यांच्यामधल्या अंतरापेक्षा जास्त ठेवून त्याला चालणार नाही. नाहीतर तुम्ही स्वतःच माल न्याल. या अटीत राहून त्याने जास्तीत जास्त जे कमवलं, ते तुमच्या स्वस्तात स्वस्त खर्चाएवढं असतं.

त्याने दर किलोमीटरला भाव एक रुपयाने वाढवत नेला असं धरा. साठ्याची सरासरी जागा २.३ किलोमीटर, मागणीची ६.० किलोमीटर. फरक ३.७, म्हणजे शंभर पोत्यांवर कमाई ३७० रुपये. व्यापाऱ्याच्या कमाईपेक्षा कमी खर्चात कुठलीच योजना बसू शकत नाही, आणि आपली योजना बरोब्बर ३७० ची. विषय संपला. हा ताळा स्वतःच्या हाताने एकदा करा. लिनियर प्रोग्रॅमिंगच्या पेपरात पाठ केलेल्या 'ड्युॲलिटी'ला मग चव येते.

पायरी ३ : अंतराचा वर्ग का घ्यायचा

आता दुसरी योजना बघा. शून्यावरची २० पोती २ वर, १० पोती ५ वर आणि २० पोती थेट ९ वर. तीनवरची तीसही पोती ५ वर. सातवरची २० पोती ९ वर. खर्च ४० + ५० + १८० + ६० + ४०, पुन्हा ३७०! म्हणजे वा-१ ला स्वस्त योजना एकच नसते. एका गाडीने दुसरीला ओलांडून पुढे गेलं तरी तिला फरक पडत नाही.

खर्च अंतराच्या वर्गाने मोजा. पहिली योजना : ८० + ७५० + ४० + ७२० + ८०, म्हणजे १६७०. शंभराने भागून १६.७, वर्गमूळ सुमारे ४.०९. दुसरी योजना : ८० + २५० + १६२० + १२० + ८०, म्हणजे २१५०. वर्ग घेताच ओलांडणं महाग पडलं. कारण साध्या बीजगणितात आहे. साठ्याची दोन ठिकाणं आणि मागणीची दोन ठिकाणं घ्या. अदलाबदल करून माल पाठवला, तर रांगेने पाठवण्यापेक्षा खर्च 'साठ्यांमधलं अंतर गुणिले मागण्यांमधलं अंतर' याच्या दुपटीने वाढतो. म्हणून एका मितीत वर्गाच्या खर्चाला एकच उत्तर : क्रम मोडायचा नाही.

हे दुसऱ्या प्रकारचं अंतर, 'वा-२'. भूमिती करायची तर हेच घ्या. वा-१ आकडेमोडीला सोयीचं आहे, पण त्याच्यात वाटा इतक्या फुटतात की 'दोन बिंदूंमधला रस्ता' या शब्दाला धार राहत नाही.

दोन-तीन मितींत 'क्रम' म्हणजे काय? सांगलीच्या नकाशावरच्या ठिकाणांना डावं-उजवं असा एकच क्रम नसतो. इथे यान ब्रेनिएचं प्रमेय आहे. आधी १९८७ मध्ये टिपणाच्या रूपात आणि १९९१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालेलं. सुरुवातीचं वितरण घनतेच्या स्वरूपात पसरलेलं असेल (एकेका बिंदूवर ढीग नसतील) आणि खर्च वर्गाचा असेल, तर सर्वोत्तम योजना एकच असते, तिच्यात माल फोडावा लागत नाही, आणि ती एका बहिर्वक्र (वाटीसारखं वर उघडणाऱ्या) फलाचा ग्रेडियंट, म्हणजे अनेक मितींतला विकलज, असते. एका मितीत बहिर्वक्र फलाचा विकलज म्हणजे चढतं फल, म्हणजे पुन्हा 'क्रम मोडायचा नाही'. पहिल्या वाचनात सिद्धता सोडून द्या, विधान मात्र पक्कं करा. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

पायरी ४ : वितरण हाच बिंदू

इथे दृष्टी बदलायची, आणि बहुतेकांना वेळ इथेच लागतो. आतापर्यंत बिंदू म्हणजे रस्त्यावरचं ठिकाण होतं. आता एक अख्खं वितरण म्हणजे एक बिंदू. ज्यांच्या वर्गाची सरासरी मर्यादित आहे अशी सगळी वितरणं एकत्र घेतली, वा-२ हे त्यांच्यातलं अंतर मानलं, की एक अवकाश तयार होतो. अंतराचे नियम तो पाळतो. त्रिकोणाचा नियम कसा ते समजायला सोपं आहे : पहिल्याकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशा दोन योजना असतील तर मधल्या मुक्कामावर त्यांना जोडून पहिल्याकडून तिसऱ्याकडे एक योजना होते, भले ती सर्वोत्तम नसेल.

या अवकाशात दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट, म्हणजे जिओडेसिक, कशी दिसते? ती कृष्णेच्या पुरावर बघू.

सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा. पाण्याची पातळी त्याच्यापाशी बघतात. पावसाळ्यात सगळ्या सांगलीचे डोळे पाणी किती फुटांवर गेलं इकडे लागलेले असतात. चाळीस फूट इशारा पातळी, पंचेचाळीस धोका पातळी. २०१९ चा महापूर ऑगस्टच्या पूर्वार्धातला, २०२१ चा जुलैच्या उत्तरार्धातला. आडव्या अक्षावर तारीख घ्या, उभ्या अक्षावर त्या दिवशी इशारा पातळीच्या वर किती फूट पाणी होतं ते. एकूण बेरजेने भागा. प्रत्येक वर्षाचं एक वितरण झालं, ठरावीक तारखांभोवती एकेक उंचवटा.

या दोन वर्षांची सरासरी काढा म्हटलं तर एक्सेलवर हात बसलेला माणूस काय करतो? प्रत्येक तारखेच्या दोन आकड्यांची सरासरी. त्यातून जुलैत एक अर्धा उंचवटा आणि ऑगस्टमध्ये दुसरा अर्धा उंचवटा येतो. असा दोनदा आलेला बुटका पूर दोन्ही वर्षी कुणी पाहिलेला नाही. ही उभी सरासरी.

आडवी सरासरी वेगळी. दोन्ही वर्षांसाठी विचारा : एकूण बेरजेचा पंचवीस टक्के टप्पा कुठल्या तारखेला ओलांडला? समजा एका वर्षी २२ जुलैला, दुसऱ्या वर्षी ७ ऑगस्टला. मधली तारीख ३० जुलै. असंच पन्नास टक्क्यांचं, पंच्याहत्तर टक्क्यांचं, प्रत्येक टक्क्याचं करा. सरासरी उंचीची नाही, तारखांची. हाती येतो तो एकच उंचवटा, जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर, मूळ पुरांसारखाच धारदार. हा जिओडेसिकचा मधला बिंदू. मधला न घेता पाव वाटेवरचा हवा असेल तर तारखा तीनास एक प्रमाणात मिसळा. (हा पुराचा अंदाज नव्हे, हे सांगून ठेवतो. पुढचा पूर कधी येईल याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. दोन आकारांच्या मधला आकार कोणता, एवढाच प्रश्न आहे.)

सर्वसाधारण नियम हाच : सर्वोत्तम योजनेने प्रत्येक कणाचा मुक्काम ठरवला, की प्रत्येक कण सरळ रेषेत, एकाच वेगाने चालवायचा. ठरावीक वेळी सगळे कण जिथे असतील ते त्या वेळचं वितरण. रॉबर्ट मॅकॅनने या मार्गांचा पद्धतशीर वापर १९९७ च्या शोधनिबंधात केला. दोनांहून जास्त वितरणांच्या अशा सरासरीला बॅरिसेंटर म्हणतात. मार्शियल आगे आणि गिओम कार्लिए यांचा २०११ चा अभ्यास त्याचा पाया मानतात.

माहितीशास्त्रात वापरतात ते कुलबॅक-लायब्लर माप इथे काय म्हणतं, तेही तपासा. दोन पुरांचे दिवस एकमेकांवर येतच नसतील तर ते 'अनंत' म्हणून मोकळं होतं, मध्ये दोन दिवस असोत की दोन महिने. वा-२ ला ते दिवस दिसतात.

गाऊसियन वितरणांवर हात साफ करून घ्या. एका मितीत दोन गाऊसियनमधल्या वा-२ चा वर्ग म्हणजे सरासऱ्यांतल्या फरकाचा वर्ग अधिक प्रमाण विचलनांतल्या फरकाचा वर्ग. एकाची सरासरी २० आणि विचलन ३, दुसऱ्याची २४ आणि ६. फरक ४ आणि ३, अंतर ५. पायथागोरस! मधल्या बिंदूची सरासरी २२, विचलन ४.५. उलट दोन्ही वितरणं निम्मी-निम्मी मिसळली तर सरासरी २२ च येते, पण विचलन सुमारे ५.१५ होतं, कारण दोन केंद्रांमधली फारकतही त्यात शिरते.

पायरी ५ : सपाट कुठे, वाकडं कुठे

एका मितीतलं सगळं सोपं का जातं? टक्क्यांच्या टप्प्यावरून तारीख सांगणारं फल (क्वांटाइल फल) हेच त्या वितरणाचे निर्देशांक. वा-२ म्हणजे अशा दोन फलांमधलं नेहमीचं वर्ग-सरासरी अंतर. म्हणजे एका मितीवरच्या वितरणांचा अवकाश सपाट आहे, सरळ रेषा खऱ्याच सरळ.

दोन मितींत तो वाकतो. त्यासाठी वहीवर एक किलोमीटर बाजूचा चौरस काढा. पहिलं वितरण : निम्मं वजन खालच्या डाव्या कोपऱ्यात, निम्मं वरच्या उजव्या कोपऱ्यात. दुसरं : उरलेल्या दोन कोपऱ्यांत निम्मं-निम्मं. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जायचे दोन सरळ मार्ग आहेत, दोन्ही कण आडवे चालवा किंवा दोन्ही उभे चालवा. दोन्हींचा खर्च सारखाच, अंतर १. पण मध्यावर चित्रं वेगळी : आडव्या वाटेवर वजन खालच्या आणि वरच्या बाजूंच्या मध्यांवर, उभ्या वाटेवर डाव्या-उजव्या बाजूंच्या मध्यांवर. दोन बिंदू, त्यांच्यात दोन वेगळे जवळचे रस्ते. सपाट जागेत हे होत नाही.

वाक मोजूनही बघता येतो. आडव्या वाटेच्या मध्यापासून उभ्या वाटेच्या मध्याचं अंतर काढा. प्रत्येक कणाला अर्धा आडवा आणि अर्धा उभा जावं लागतं, म्हणून वर्ग-अंतर ०.२५ + ०.२५ = ०.५. आता सपाट भूमितीतला मध्यगेचा नियम काय म्हणतो ते बघा : मध्यापासून तिसऱ्या बिंदूचं वर्ग-अंतर म्हणजे टोकांपासूनच्या वर्ग-अंतरांची सरासरी, वजा टोकांमधल्या वर्ग-अंतराचा पाव. टोकांपासून प्रत्येकी ०.२५, टोकांमध्ये १. उत्तर यायला हवं ०.२५ वजा ०.२५, म्हणजे शून्य. आलं ०.५. नियमापेक्षा मध्यगा नेहमी तेवढी किंवा जास्तच भरते. वक्रता ऋण नाही म्हणतात ती हीच, आणि कितीही मितींच्या सपाट जागेवरच्या वितरणांसाठी ती खरी आहे.

फिशरच्या माहिती-भूमितीत (संख्याशास्त्रात वितरणांमध्ये मोजतात त्या वेगळ्या एका अंतराची भूमिती) गाऊसियनांचा पट्टा ऋण वक्रतेचा, हायपरबोलिक होतो, आणि इथे एका मितीतले तेच गाऊसियन सपाट. वस्तू तीच, अंतर वेगळं. म्हणून 'वितरणांची भूमिती' असं मोघम बोलू नका, कुठल्या अंतराची ते सांगा.

पायरी ६ : उतार

मला स्वतःला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हे. अंतर आहे, वाटा आहेत, तर उतारही असणार. वितरणांच्या अवकाशावर एखादी 'उंची' ठरवा आणि सर्वांत तीव्र उताराने खाली चला. काय दिसतं?

उंची म्हणून उणे एंट्रॉपी घ्या, म्हणजे घनता गुणिले घनतेचा लॉग याचं संकलन. गाऊसियनसाठी, विचलन 'स' असेल तर, ही उंची येते उणे लॉग स अधिक एक स्थिरांक. वा-२ मध्ये फक्त विचलनं वेगळी असलेल्या गाऊसियनांमधलं अंतर म्हणजे नुसता स चा फरक. म्हणून उताराने जाताना स वाढण्याचा वेग १ भागिले स. समीकरण सोडवा : स चा वर्ग वेळेच्या दुपटीने वाढतो. उष्णतेच्या समीकरणात गाऊसियन पसरतो तो नेमका असाच! दोन ओळींत उष्णतेचं समीकरण हाती आलं, आणि तेही फक्त अंतर आणि एंट्रॉपी यांच्यातून. फिशरच्या भूमितीत हीच उंची घेऊन उतरा, स घातांकी वेगाने वाढत सुटतो. ते उष्णतेचं समीकरण नव्हे.

गाऊसियन सोडून कुठल्याही वितरणासाठी हे खरं आहे, असं रिचर्ड जॉर्डन, डेव्हिड किंडरलेरर आणि फेलिक्स ओटो यांनी १९९८ मध्ये दाखवलं, पसरण्यासोबत ओढही धरणाऱ्या फोकर-प्लांक समीकरणासकट. त्यांची युक्ती पावलापावलाची आहे. आत्ताचं वितरण माहीत आहे. पुढचं निवडताना दोन गोष्टींची बेरीज कमीत कमी करा : उंची, आणि आत्ताच्या वितरणापासूनचं वा-२ वर्ग-अंतर भागिले पावलाची दुप्पट. पावलं लहान करत नेली की समीकरणाचं उत्तर मिळतं. ओटोने २००१ मध्ये सच्छिद्र माध्यमातल्या प्रवाहाच्या समीकरणासाठी हीच भूमिती वापरली आणि या अवकाशाला जणू रीमानची (वाकड्या, गुळगुळीत जागांची) भूमिती असल्यासारखं त्यावर कॅल्क्युलस केलं. त्याआधी २००० मध्ये बेनामू आणि ब्रेनिए यांनी वा-२ ला द्रवाच्या भाषेत लिहिलं होतं : वजन न हरवता वाहणाऱ्या सगळ्या प्रवाहांमध्ये ज्याची गतिज ऊर्जा कमीत कमी, तो जिओडेसिक.

इथून एक रस्ता वक्रतेकडे जातो. उणे एंट्रॉपी जिओडेसिकवर किती बहिर्वक्र आहे यावरून मूळ जागेची रिची वक्रता खालून बांधता येते. लॉट-विलानी आणि स्टर्म यांनी २००६ ते २००९ च्या दरम्यान हे उलटं वापरून, गुळगुळीत नसलेल्या जागांनाही वक्रतेची व्याख्या दिली. अलेस्सिओ फिगालीच्या फील्ड्स पदकामागे (२०१८) याच परिसरातलं काम आहे. नवख्याने इथे थबकू नये. नावं ऐकून ठेवावीत आणि संगणकाकडे वळावं.

पायरी ७ : संगणकावर

पायथनमध्ये 'पॉट' नावाची मोफत लायब्ररी यासाठीच आहे. एका मितीपुरतं 'सायपाय'ही वा-१ देतं. पहिलं काम : आपली शंभर पोती त्यात घाला. वा-१ ला ३.७ आणि वा-२ ला सुमारे ४.०९ यायला हवं. १६.७ दिसलं तर वर्गमूळ राहिलं आहे. खर्चाचा तक्ता वर्गाचा देऊन उत्तरही वर्गाचंच घेतलेलं असतं, आणि पुढे तेच 'अंतर' म्हणून रिपोर्टमध्ये जातं. त्रिकोणाचा नियम मोडलेला दिसला तर पहिला संशय यावरच घ्या.

हजार-दोन हजार बिंदूंपर्यंत नेमकी पद्धत चालते. बिंदू वाढले की वेळ साधारण संख्येच्या घनाच्या हिशेबाने वाढतो, लॅपटॉपचा पंखा ओरडू लागतो. तेव्हा सिंकहॉर्न. १९६० च्या दशकातली रिचर्ड सिंकहॉर्नची मॅट्रिक्सची पद्धत मार्को कुटुरीने २०१३ मध्ये या कामाला जुंपली आणि तिथून विषय मशीन लर्निंगमध्ये घुसला. खर्चाच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा एप्सिलॉन नावाच्या लहान संख्येने भागायचा आणि उणे चिन्ह लावून ई च्या घातावर चढवायचा. मग सगळ्या ओळी साठ्याला जुळतील अशा गुणायच्या, मग सगळे स्तंभ मागणीला जुळतील असे, मग पुन्हा ओळी. काही फेऱ्यांत तक्ता स्थिरावतो.

एप्सिलॉन कितीचा, यावर मुलं दिवस घालवतात. मोठा घेतला तर योजना सगळीकडे सारवल्यासारखी पसरते आणि एखाद्या वितरणाचं स्वतःपासूनचं अंतरही शून्य येत नाही. तो दोष घालवायला दोन्ही बाजूंची 'स्वतःपासूनची' किंमत निम्मी-निम्मी वजा करतात. फार लहान घेतला तर संगणकच हात टेकतो : आपल्या पोत्यांत मोठ्यात मोठा वर्ग-खर्च ८१ आहे, एप्सिलॉन ०.१ घेतला तर ई चा उणे ८१० वा घात, आणि नेहमीच्या दशांश गणितात तो थेट शून्य होतो. एखाद्या ओळीत अशी शून्यंच उरली की शून्याने भागाकार, मग स्क्रीनभर 'नॅन' (संगणकाच्या भाषेत 'ही संख्याच नाही'). सगळी आकडेमोड लॉगमध्ये करणारा पर्याय लायब्ररीत असतो, तो लावा. आणि एप्सिलॉन नेहमी खर्चाच्या सरासरीच्या तुलनेत ठरवा, पेपरमधला आकडा उचलून नको.

एककांकडे लक्ष द्या. तारीख आणि पाण्याचे फूट अशा दोन मिती एकत्र घेतल्या तर 'एक दिवस म्हणजे किती फूट' हे तुम्ही ठरवलेलं असतं, कळत किंवा नकळत. ते ठरवल्याशिवाय वा-२ चा आकडा निरर्थक.

मिती वाढल्या की नमुने पुरत नाहीत. खऱ्या वितरणाऐवजी त्यातून काढलेले बिंदू वापरतो तेव्हा चूक किती वेगाने कमी होते ते मितीवर अवलंबून असतं. पाच किंवा जास्त मितींत ती साधारण नमुन्यांच्या संख्येच्या 'मिती'व्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. दहा मितींत चूक निम्मी करायची तर नमुने दोनच्या दहाव्या घाताने, म्हणजे हजारपटीने वाढवावे लागतात. शेकडो मितींच्या डेटावर कुणी चार दशांश स्थळांपर्यंत वा-२ छापला असेल तर त्याला आधी नमुने किती होते ते विचारा.

राहता राहिला बेरजेचा प्रश्न. पुराच्या उदाहरणात आपण प्रत्येक वर्षाला त्याच्या बेरजेने भागलं, म्हणजे पूर मोठा होता की लहान ही माहितीच फेकून दिली. आकाराची तुलना करायची असेल तर ते चालतं. पाणी किती आलं हेही मोजायचं असेल तर 'अनबॅलन्स्ड' प्रकार आहेत. त्यांत वजन हलवायला जसा खर्च, तसाच ते नव्याने आणायला किंवा टाकून द्यायलाही खर्च धरतात. दोन खर्चांमधलं प्रमाण तुम्ही द्यायचं असतं. टाकून देणं स्वस्त ठेवलं तर प्रोग्राम काहीच हलवत नाही, एक पूर पुसतो आणि दुसरा नव्याने काढतो, आणि तुम्ही पुन्हा उभ्या तुलनेवर येता.